अरबस्तानांतील मास्तर आणि आमचें ललित वाङ्मय

एकाद्या प्रदेशांतील माणसें कशावर पोट भरतात हें पाहावयाचें असेल, तर तेथील बाजार पाहावा. आणि तीं कशाला मान देतात हें पाहावयाचें असेल, तर तेथील ललित वाङ्मय पाहावें. ह्या दोहोंचा मेळ बसत नसेल, तर टीकाकारानें तिकडे लक्ष दिलेंच पाहिजे. मालवणच्या किनाऱ्यासंबंधानें आम्हांस आज नेमका असाच बेबनाव दिसतो. देवगडपासून शिरोड्यापर्यंतचा हा टापू १९८१ सालीं रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आला. वाङ्मयाच्या बाबतींत तो मोठा भाग्यवान आहे. चिं. त्र्यं. खानोलकर, जयवंत दळवी व मंगेश पाडगांवकर हे तिघेहि वेंगुर्लें भागांतले. मधु मंगेश कर्णिक ह्याच जिल्ह्यांतील करूळचे. येथील देवचार, येथील पाऊस, येथील भाऊबंदकी, फार काय येथील विहिरीसुद्धां मराठी वाचकाच्या ओळखीच्या झाल्या आहेत. परंतु ह्याच किनाऱ्यावरून पदवी व शिक्षणशास्त्राचें प्रमाणपत्र घेऊन मस्कत, दोहा, दुबई किंवा कुवेत येथील शाळांत शिकवावयास जाणारा मास्तर मात्र ह्या वाङ्मयांत अद्याप निराकारच राहिला आहे. असें कां व्हावें, हा केवळ समाजशास्त्राचा प्रश्न नव्हे. तो वाङ्मयीन दृष्टीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच येथें त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या मतें ह्याचें कारण असें कीं, आमच्या वाङ्मयानें माणसांचे दोन साचे करून ठेवले आहेत, आणि हा मास्तर त्यांपैकीं एकाहि साच्यांत बसत नाहीं.

पहिला साचा राहणाऱ्या मास्तराचा. वि. स. खांडेकर १९२० सालीं शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथें राहिले. समुद्र, मिठागरें व दारिद्र्य ह्यांच्या सान्निध्यांत काढलेल्या त्या अठरा वर्षांत त्यांच्या ध्येयवादानें आकार घेतला व कथा-कादंबऱ्यांच्या द्वारें तो महाराष्ट्रभर पसरला. साने गुरुजी हेहि मूळचे कोंकणांतल्या पालगडचे. १९२४ ते १९३० हीं वर्षें ते अमळनेरच्या शाळेंत शिकवीत होते. ह्या दोघांनीं मराठी मनांत शिक्षकाची जी मूर्ति बसविली ती थोर आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु मूर्तीची पूजा करतांकरतां आम्हीं तिच्यांतून एक नियम काढला. जो अल्प वेतनावर खेड्यांत राहतो तो खरा शिक्षक, आणि जो अधिक वेतनासाठीं गांव सोडतो तो पोटभरू, असा तो नियम. खांडेकरांचें स्वतःचें चरित्रहि ह्या नियमांत बसत नाहीं. १९३८ सालीं तेहि शिरोडें सोडून कोल्हापुरास गेले आणि चित्रपटांसाठीं कथा लिहीत राहिले. तेवढ्यानें त्यांचें शिक्षकपण कोणीं कमी लेखिलें नाहीं. तेव्हां हा नियम लेखकाचा नव्हे, त्याच्या भक्तांचा आहे.

दुसरा साचा जाणाऱ्या माणसाचा. त्याला आमच्याकडे चाकरमानी म्हणतात. मुंबईची गिरणी, गोदी किंवा कचेरी, एका खोलींत दाटीनें राहणारे गांवकरी, घरीं मनिऑर्डर, आणि शिमग्याला व गणपतीला परतीची वाट, असें त्याचें जीवन. दळवींचें 'सारे प्रवासी घडीचे' हें पुस्तक १९६४ चें. गंगाराम गवाणकरांचें 'वस्त्रहरण' हें नाटक १९८० मध्यें रंगभूमीवर आलें. अशा लेखनानें ह्या मुलखांतल्या माणसांना विनोदाच्या व करुणेच्या उजेडांत आणलें, आणि मालवणी बोलीला थोरामोठ्यांच्या बैठकींत जागा करून दिली. पण चाकरमानी कितीहि दूर गेला तरी गांवाचाच राहतो, हें अशा लेखनाचें गृहीत तत्त्व होय. त्याची मुंबई मराठी मुलखांतच आहे. बोट लागो, एस. टी. लागो कीं कोंकण रेल्वे, तो परत येणारच.

आतां ह्या दोन साच्यांच्या मधून निसटलेल्या माणसाकडे वळूं. तो मास्तर आहे, पण राहिलेला नाहीं. तो गेलेला आहे, पण चाकरमानी नाहीं. ज्या किनाऱ्यावर तो गेला तो आम्हांस एके काळीं फारसा परकाहि नव्हता. १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आखाती प्रदेशासाठीं निराळ्या रुपयाच्या नोटा काढल्या. कुवेतनें १९६१ सालीं, आणि बहरीन, कतार व दुबई ह्यांनीं १९६६ पर्यंत तो रुपया सोडला. तोंवर तेथील बाजारांत चालणारें चलन आमचेंच होतें. दुबईचें इंडियन हायस्कूल १९६१ सालचें, मस्कतचें इंडियन स्कूल १९७५ सालचें. १९७३ नंतर तेलाच्या किंमती चढल्या. कामगारांमागून कारकून व अभियंते गेले, त्यांच्यामागून कुटुंबें गेलीं, आणि मुलांसाठीं शाळा व शाळांसाठीं शिक्षक लागले. पुढें ब्रिटिश व अमेरिकन अभ्यासक्रमाच्या आंतरराष्ट्रीय शाळा निघाल्या व त्यांतहि आमचीं माणसें शिरलीं. एकाच विषयाच्या दोन शिक्षकांचें वेतन तेथें पारपत्राच्या रंगावरून ठरतें, ही तक्रारहि तितकीच जुनी आहे.

मालवणचा मास्तर ज्या कागदावर सही करून तेथें जातो, त्यांतले करार, मुदत, रजा, दाखला, हिशेब हे शब्द मुळांत अरबीच आहेत. फारशीच्या वाटेनें येऊन ते कधींच मराठी झाले. 'कफील' हा शब्द मात्र मराठींत रुळला नाहीं. परदेशी नोकराचा वास्तव्याचा परवाना ज्याच्या नांवाशीं बांधलेला असतो, तो मालक किंवा जामीनदार म्हणजे कफील. नोकरी सुटली म्हणजे देश सुटण्याची वेळ येते, हा त्या शब्दाचा व्यवहारांतला अर्थ. कतारनें २०२० सालीं व सौदी अरेबियानें २०२१ सालीं नोकरी बदलण्यावरील बंधनें सैल केलीं, तरी वास्तव्य व नोकरी ह्यांची मूळची गांठ सुटलेली नाहीं. ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेतवर स्वारी केली, तेव्हां लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनीं परत आणावें लागलें. पुष्कळांच्या वर्षानुवर्षांच्या संसाराचा ऐवज मागें राहिला. इतकें नाट्य ज्या नोकरींत भरलेलें आहे, तिच्याकडे आमचे कादंबरीकार वळूं नयेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

पण नाट्य नेहमीं युद्धांतच असतें असें नाहीं. तें पंचांगांतहि असतें. चाकरमान्याचें वर्ष शिमगा, आंबा व गणपति ह्यांवर बेतलेलें असतें. आखातांतील भारतीय शाळांचें वर्ष सामान्यतः एप्रिलांत सुरू होतें, आणि मोठी सुटी पडते ती जुलै-ऑगस्टांत, तेथील ऊन असह्य झालेलें असतां. म्हणून हा मास्तर घरीं येतो तो ऐन पावसांत. आंबा संपलेला असतो. गणपतीला बहुधा अवकाश असतो. मालवणच्या बंदरावरून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि जुलैअखेरपर्यंत यांत्रिक मासेमारीलाहि सरकारी बंदी असते. गांव ज्या दिवसांत आपल्या माणसांची वाट पाहतो त्या दिवसांत हा येऊं शकत नाहीं. आणि हा येतो तेव्हां गांव दारें लावून बसलेला असतो. हें दुसऱ्या कोणाच्या नशिबीं नाहीं. पाळीपाळीनें रजा घेणारा अभियंता किंवा कारकून आपली रजा गणपतीला मागून घेऊं शकतो. मास्तरावर ही वेळ तो मास्तर आहे म्हणूनच येते. एका चांगल्या कादंबरीस पुरेल एवढें द्रव्य ह्या एका गोष्टींत आहे.

हेंच बाईच्या बाबतींत अधिक खरें आहे. तेथील भारतीय शाळांत शिक्षिका पुष्कळ. त्यांतल्या अनेकजणी प्रथम नवऱ्याच्या परवान्यावर गेलेल्या व मागाहून शाळेंत लागलेल्या. चाकरमान्याच्या कथेंत बाईचें काम वाट पाहण्याचें होतें. येथें ती स्वतः मिळवते, स्वतः गांवीं पैसे पाठवते, दुसऱ्यांचीं मुलें शिकवते. तरी आमच्या कथेंत ती अजून उंबऱ्यावर उभी राहून टपालाची वाट पाहतेच आहे.

येथें कोणी विचारील कीं, पैशासाठीं गेलेल्या माणसाचें एवढें कौतुक कशास? आम्ही कौतुक करीत नाहीं. आम्ही सरळ माप मागतों. राज्यसरकारनें २००० सालीं शिक्षणसेवक नांवाची योजना काढली. तिच्याप्रमाणें नव्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें वेतनाऐवजीं मानधनावर काम करावयाचें असतें. हें मानधन प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षकांस दरमहा अनुक्रमें ६, ८ व ९ हजार रुपये होतें. २०२३ सालीं वाढ होऊन तें १६, १८ व २० हजार झालें. येथें शब्दांकडेच पाहावें. शिक्षक नव्हे, सेवक. वेतन नव्हे, मानधन. ध्येयवादी कादंबरीनेंच हा सरकारी ठराव लिहिला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु मान देऊन धन वांचविण्याची ही युक्ति समाजाला इतकी सहज पटली, ह्याचें कांहीं श्रेय त्या साच्यास द्यावेंच लागेल. त्याग हा ज्याचा त्यानें करावयाचा असतो. दुसऱ्यानें तो नोकरीच्या अटींत घातला, म्हणजे त्याला त्याग म्हणत नाहींत. अशा अटी नाकारून जो विमानांत बसला, त्याला लोभी ठरविण्यापूर्वीं आमच्या वाङ्मयानें ह्या आंकड्यांकडे एकदां पाहावयास हवें होतें. त्याचबरोबर तो गेल्यामुळें गांवच्या शाळेंतील गणिताचा तास रिकामा राहिला, हेंहि खरें आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात तेथेंच कादंबरीचें काम सुरू होतें. एकच खरी असेल तर वर्तमानपत्रांतील पत्र पुरे.

हा विषय ज्या वाङ्मयानें खरोखर अंगावर घेतला तें वाङ्मय अरबीच आहे. कारण आखातांतील शाळांत पॅलेस्टिनी व मिसरी मास्तरहि मोठ्या संख्येनें गेले. गस्सान कनफानी हा पॅलेस्टिनी लेखक १९६० पूर्वींचीं कांहीं वर्षें कुवेतमध्यें शिक्षक होता. त्याची १९६३ सालची 'उन्हांतील माणसें' ही लघुकादंबरी कुवेतला चोरून निघालेल्या तिघांची आहे. इब्राहीम नसरल्ला ह्यानें तर सौदी अरेबियाच्या आडभागांत दोन वर्षें मास्तरकी केली आणि १९८५ सालीं तिच्यावरच कादंबरी लिहिली. तिचें नांव मराठींत 'तापाचीं मैदानें' असें करतां येईल. तिच्या आरंभींच रात्रीं पांच माणसें मास्तराचें दार ठोठावतात, तूं मेला आहेस असें त्यालाच सांगतात, आणि त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाचा वांटा त्याच्याकडे मागतात. ही कल्पना वरवर विक्षिप्त वाटते. पण ती अगदीं नेमकी आहे. जेथें मनुष्याचें असणें हा एक करार असतो, तेथें त्याचें नसणें हा एक हिशेबच ठरणार. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणें नोकरी संपतांना पहिल्या पांच वर्षांसाठीं दरसाल २१ दिवसांचें व पुढील प्रत्येक वर्षासाठीं ३० दिवसांचें मूळ वेतन मिळतें. म्हणजे वीस वर्षें शिकविलें तर ५५५ दिवसांचें. रक्कम वाईट नाहीं. पण वीस वर्षांच्या मुलांचे चेहरे त्या बेरजेंत कोठें येतात, हा प्रश्न कायद्याचा नसून कादंबरीकाराचा आहे.

तथापि नसरल्लाची नक्कल आमच्या लेखकांनीं करूं नये. त्याच्या मास्तराला परतावयास घरच नव्हतें. म्हणून त्याची भाषा तापांतल्या बडबडीसारखी होते आणि तिला तें शोभतें. मालवणच्या मास्तराला घर आहे, माडाचें कुळागर आहे, आणि सातबाऱ्यावर भाऊबंदांसह नांवहि आहे. त्याला घर नाहीं असें नव्हे. त्या घरांतला ऋतु त्याच्या वांट्याला येत नाहीं. तसेंच बेन्यामीन ह्यांची 'आडुजीवितम्' ही २००८ सालची मल्याळी कादंबरी वाळवंटांत गुरासारखें राबविल्या गेलेल्या मेंढपाळाची आहे. ती मोठी कृति आहे. पण तिच्यांतील यातना उसनी आणून मास्तराच्या अंगावर घातली तर ती खोटी दिसेल. मास्तर थंड हवेच्या खोलींत राहतो, नीट जेवतो, वेळेवर पैसे पाठवतो. त्याचें दुःख सुस्थितींतलें आहे आणि म्हणूनच लिहावयास अधिक अवघड. चाबकाचे वळ दाखवितां येतात. दर दोन-तीन वर्षांनीं परवान्याचें नूतनीकरण होईपर्यंत मनांत चाललेली धाकधूक दाखवावयास फार संयमी लेखणी लागते.

अशी लेखणी आमच्याकडे नाहीं असें नाहीं. मालवणी मुलखाची गजाल हें तिचेंच रूप आहे. गजाल घाईनें निर्णय देत नाहीं. ती माणसाची थट्टा करते, त्याचा हिशेब मांडते, त्याची लबाडी ओळखते, आणि तरीहि त्याला ओटीवरून उठवून लावीत नाहीं. थोर व पोटभरू ह्या दोनच जातींत शिक्षकांची वांटणी करणाऱ्या ध्येयवादी कादंबरीपेक्षां, आणि परदेशांतील इमारतींचीं उंची सांगत बसणाऱ्या प्रवासवर्णनापेक्षां, ह्या कामाला तीच अधिक लायक आहे. आमची मागणी तिच्याकडूनहि फार मोठी नाहीं. समुद्रापलीकडे गेलेल्या त्या मास्तराला तिनें देव करूं नये व व्यापारीहि करूं नये. तो काय कमावतो हें जरूर सांगावें; पण त्यापूर्वीं त्याच्या वर्गांत जाऊन बसावें, आणि त्याचा तास कसा झाला हें पाहावें.