जुन्या जपानी विनाशिकांचें रूपांतर : एका मताचें परीक्षण

दुसऱ्या महायुद्धांतील जपानी आरमाराविषयीं लिहितांना पुष्कळ लेखक एक विधान करीत आले आहेत. तें असें कीं, पोलाद व गोद्या अपुऱ्या पडल्यामुळें जपानला जुन्या लहान विनाशिकांची डागडुजी करून त्यांजवर व्यापारी जहाजांच्या रक्षणाचें काम भागवावें लागलें. अर्थात् हें रूपांतर केवळ दारिद्र्याचें अपत्य होय. हा पूर्वपक्ष प्रथमदर्शनीं पटण्यासारखा आहे. परंतु या नौकांवर झालेले फेरफार कालक्रमानें लावून पाहिले असतां तो टिकत नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मोमी वर्गाच्या २१ द्वितीय श्रेणीच्या विनाशिका १९१९ ते १९२२ या काळांत पाण्यांत उतरल्या. सुमारें ८५० टनांची, ताशीं ३६ सागरी मैल धांवणारी, तीन तोफा व चार पाणतीर-नळ्या असलेली ही नौका शत्रूच्या मोठ्या जहाजांवर झडप घालण्यासाठीं होती. १९३९-४० मध्यें त्यांपैकीं नऊ नौकांच्या गस्ती नौका केल्या. बाष्पपात्रें कमी झालीं, पाणतीर-नळ्या गेल्या, पाणबुड्यांवर टाकावयाचे सुरुंग चढले आणि वेग १८ मैलांवर आला. वनस्पतींचीं जुनीं नांवेंही जाऊन ३१ ते ३९ हे क्रमांक आले. ‘हिशी’ म्हणजे शिंगाडा, संस्कृतांतील शृंगाटक. ती ३७ क्रमांकाची नौका झाली, व त्याच क्रमांकानें जानेवारी १९४२ मध्यें बालिकपापन येथें अमेरिकन विनाशिकांच्या रात्रीच्या हल्ल्यांत निकामी झाली. हा नामपालट ध्यानांत न घेणाऱ्याच्या यादींत एकच नौका दोनदां मोजली जाण्याचा संभव आहे.

आतां हेतूचा विचार. बाष्पपात्र काढणें हें दारिद्र्याचें लक्षण मानावें, तर ब्रिटननेंही आपल्या जुन्या ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ वर्गांतील कित्येक विनाशिकांचें एकेक बाष्पपात्र काढलेंच होतें. तेथें त्या जागीं इंधनाच्या टाक्या बसविल्या. वेग घटला, पण अटलांटिकमधील तांड्यांची पाठराखण दूरवर करतां येऊं लागली. क्रिया बहुतांशीं तीच, फल निराळें. म्हणून रूपांतर झालें एवढ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं; कशासाठीं झालें हें पाहिलें पाहिजे.

त्याचें उत्तर तिसऱ्या फेरफारांत आहे. १९४१ मध्यें यांपैकीं अनेक नौकांची पिछाडी उतरती करून तेथें सैनिक किनाऱ्यावर उतरविण्याचे पडाव ठेवण्याची सोय केली. म्हणजे पाठराखणीस योग्य झालेली नौका पुन्हां चढाईच्या कामीं लागली. २३ डिसेंबर १९४१ रोजीं वेक बेटावरील दुसऱ्या स्वारींत ३२ व ३३ क्रमांकाच्या नौका मुद्दाम किनाऱ्यावर चढविल्या, त्या तेथेंच संपल्या. ज्याला रक्षक नौकांची खरोखरीच चणचण वाटते, तो हातच्या दोन अशा खर्ची घालीत नाहीं.

जपानची औद्योगिक शक्ति अमेरिकेच्या मानानें तोकडी होती, हें पूर्वपक्षाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठीं स्वतंत्र सेनापत्य जपाननें स्थापिलें तें नोव्हेंबर १९४३ मध्यें, युद्धास जवळजवळ दोन वर्षें लोटल्यावर. हा विलंब पोलादाच्या अभावानें झालेला नाहीं. त्या खात्यांत काम केलेले अधिकारी ओइ अत्सुशी यांनीं १९५२ मध्यें जपानच्या पाणबुडीविरोधी युद्धाच्या अपयशाची जी मीमांसा प्रसिद्ध केली, तींतही वरिष्ठांच्या अनास्थेवरच बोट ठेविलें आहे.

फळ काय झालें तें नोंदींत आहे. ३९ क्रमांकाची नौका एप्रिल १९४३ मध्यें व ३८ क्रमांकाची नोव्हेंबर १९४४ मध्यें पाणबुड्यांनींच बुडविली. रूपांतर न करतां याच कामास लाविलेल्या वाकाताके वर्गांतील सानाए, फुयो, कारुकाया व कुरेताके यांचीही तीच गति झाली. नऊ गस्ती नौकांपैकीं ३६ क्रमांकाची, पूर्वीची ‘फुजी’, युद्धाअखेर शिल्लक होती.

तात्पर्य, दारिद्र्य हें येथें सहकारी कारण होय. मुख्य कारण दृष्टीचा दोष. जुन्या पोथीवर नवें लिहिलेलें आढळल्यास कागद महाग होता एवढें म्हणून संशोधक थांबत नाहीं. नव्यानें काय लिहिलें तेंही वाचतो. या नौकांच्या बाबतींतही तोच न्याय लागू आहे.