स्नेल राउंडहँड : हिशेबनिसाचं अक्षर, पत्रिकेचा थाट

आज पडद्यावर जे अक्षर आहे ते तुम्ही शंभरदा पाहिलंय. लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजू, हॉटेलचं मेनूकार्ड, सन्मानपत्र. नाव विचारलं तर बहुतेक जण 'ते शाही अक्षर' म्हणतील. हे स्नेल राउंडहँड. मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर लायनोटाइपसाठी ते रेखाटलं. आज मॅकवर ते आयतंच मिळतं.

यातलं शाहीपण मात्र आपण नंतर चिकटवलेलं आहे, असं आम्हांला वाटतं. चार्ल्स स्नेल हा लंडनचा लेखनगुरू, आणि हिशेबनीसही. साउथ सी कंपनीचा फुगा १७२० मध्ये फुटला, तेव्हा तिच्याशी लागेबांधे असलेल्या सॉब्रिज पेढीच्या वह्या तपासायला हाच बसला होता. त्याच्या कित्त्यातलं गोल वळण कामाचं होतं : भरभर लिहावं, पण नाव आणि आकडा चुकू नये. आपल्या मोडीसारखंच. मोडीही दफ्तराचीच, आज ती आपण लोगोवर मिरवतो, तो भाग वेगळा.

कार्टर यांचं खरं काम सांध्यांत दिसतं. तिरपं, जोडून जाणारं अक्षर शिशाच्या खिळ्यात बसवणं म्हणजे डोकेदुखी. खिळा चौकोनी, अक्षराची शेपटी त्याच्या बाहेर जाणारी. बाहेर काढली तर मोडते, आत ठेवली तर दोन अक्षरांत फट दिसते. फोटोटाइपसेटिंगमध्ये अक्षर म्हणजे फिल्मवरची प्रतिमा झालं, ते शेजारच्यावर चढू शकलं. कार्टरनी ही संधी अचूक पकडली. 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द यात लावून बघा. केसाएवढी रेघ एका दांड्यातून निघते आणि पुढच्यात मिसळते. सांधा शोधूनही सापडत नाही. उगाच वेलबुट्टीही नाही.

पण माणसाचा हात एका शब्दात दोन 'ई' अगदी सारखे काढत नाही. इथे ते सारखेच येतात. एका ओळीत चालून जातं. आठ ओळी झाल्या की शिक्के मारल्यासारखं दिसू लागतं. हेरमान झाफ यांच्या १९९८ च्या झाफिनोत एकेका अक्षराची अनेक रूपं आहेत, म्हणून तिथे हे कमी खटकतं. अर्थात झाफिनो नाचतं फार. त्याचे पाय वरखालच्या ओळींत अडकतात.

दुसरा दोष अक्षराचा नाही, लावणाऱ्याचा. यातली कॅपिटलं लहान अक्षरांच्या पुढे एकेकटी उभी राहायला काढलेली आहेत, त्यांचे फाटे ऐसपैस पसरतात. ती सलग लावली की गर्दीत छत्र्या उघडल्यासारखं होतं. परवा आमच्याकडे एक पत्रिका आली, आडनाव पूर्ण कॅपिटलांत. चष्मा बदलून पाहिला तरी नवरामुलगा साठे की लाठे, ठरेना. खाली पत्ता याच अक्षरात, बारीक टायपात. सोनेरी शाईत केसरेघा विरून गेल्या होत्या, नुसते जाड दांडे उरलेले. शेवटी कार्यालय कुठे आहे ते फोन करून विचारलं. हिशेबनिसाच्या अक्षरात छापलेला पत्ता!