कुटुंबहत्या आणि दूरचित्रवाणी-नाट्य

घडलेल्या खुनावर नाट्य रचण्याची प्रथा दूरचित्रवाणीने महाराष्ट्रात आणली, असा एक समज अलीकडे दृढ होऊ पाहत आहे. तो निराधार आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा वध केला, आणि १९०९ मध्ये त्याच घटनेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले. चुलता, चुलती आणि पुतण्या हीच त्यातील प्रमुख पात्रे. घटनास्थळ त्यांचे राहते घर. प्रेरणा सत्तेच्या वाटणीची. आज ज्याला ‘सत्यघटनेवर आधारित कौटुंबिक गुन्हेनाट्य’ म्हणून संबोधले जाते, त्याची सर्व अंगे ह्या नाटकात आहेत. म्हणून प्रश्न विषयाच्या नवेपणाचा नाही. घडलेल्या हत्येचे नाट्य करताना नाटककार आपली दृष्टी कोठे स्थिर करतो, हा खरा प्रश्न होय.

खाडिलकरांनी ती वधावर स्थिर केली नाही. वध हा त्यांच्या संविधानकातील एक टप्पा आहे; नाट्य खरे पेटते ते त्यानंतर, रामशास्त्री प्रभुणे राघोबादादांना जाब विचारू लागतात तेव्हा. वधाचे प्रत्यक्ष दर्शन रंगभूमीवर घडवू नये, असा संकेत धनंजयाच्या ‘दशरूपका’त आहे. त्याकडे आज केवळ एक सोवळेपणाचा नियम म्हणून पाहिले जाते. परंतु त्यामागे एक नाट्यविषयक जाण असावी. मृत्यू डोळ्यांसमोर आला की प्रेक्षकाचे लक्ष कृतीवर खिळते. तो पडद्याआड राहिला की ते कर्त्याकडे आणि परिणामाकडे वळते. खाडिलकरांवर शेक्सपिअरचा संस्कार होता आणि त्यांची आनंदीबाई लेडी मॅकबेथची आठवण करून देते, हे अनेकदा सांगितले गेले आहे. तरीही न्यायाधीशाला नाटकाचा कणा करण्याची त्यांची निवड शेक्सपिअरची नव्हे.

असे असूनही ‘भाऊबंदकी’च्या परंपरेत एक दोष आहे आणि तो पुढील विवेचनाला उपयोगी आहे. ‘ध’ चा ‘मा’ करून आनंदीबाईने ‘धरावे’ ह्या आज्ञेचे ‘मारावे’ केले, ही आख्यायिका मराठी मनात इतकी रुतून बसली आहे की ती आता म्हणच झाली आहे. आख्यायिकेला लागतो तसा लेखी पुरावा लाभलेला नाही. रामशास्त्र्यांनी दोष दिला तो राघोबादादांना. लोकमानसाने आणि रंगभूमीने मात्र निकाल त्यांच्या पत्नीविरुद्ध दिला, आणि अडीचशे वर्षांत त्यावर अपील झालेले नाही. नाट्याने दिलेला निकाल न्यायासनाच्या निकालाहून दीर्घायुषी असतो. कुटुंबात घडलेल्या हत्येच्या बाबतीत तो बहुधा घरातील स्त्रीच्या पदरात पडतो.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. ‘कुटुंबहत्या’ ह्या शब्दाने कुटुंबाची हत्या आणि कुटुंबातील हत्या अशा दोन्हींचा बोध होतो. नाट्यदृष्ट्या मात्र त्या अगदी भिन्न आहेत. १९७६-७७ मध्ये पुण्यात घडलेले जोशी-अभ्यंकर हत्याकांड पहिल्या प्रकारचे. तेथे बाहेरचे तरुण घरात शिरले आणि घरेच्या घरे संपली. त्यावर आधारलेल्या ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) ह्या चित्रपटाचा परिणाम भयाचा आहे. दार लावून घ्यावे, असे प्रेक्षकाला वाटते. दुसऱ्या प्रकारात दार लावून उपयोग नसतो. त्यामुळे तेथे भयापेक्षा वेगळ्या भावनेची, ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेसंबंधी सांगितलेल्या अनुकंपेची, शक्यता निर्माण होते. दूरचित्रवाणी-नाट्याने ही शक्यता कितपत ओळखली, हे पाहावयाचे आहे.

ह्या दृष्टीने ‘झी मराठी’वरील ‘देवमाणूस’ ही मालिका विचारार्ह ठरते. तिचे पहिले पर्व ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ ह्या काळात प्रसारित झाले, दुसरे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाले आणि तिसरे २०२५ मध्ये आले. सातारा जिल्ह्यात वाईजवळ धोम येथे ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आलेले हत्याप्रकरण हे तिचे बीज. एका डॉक्टरवर सहा खुनांचा आरोप, आणि त्याच्या शेतघराच्या आवारात पुरलेली प्रेते. मालिका सुरू झाली तेव्हा त्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. खाडिलकर आणि त्यांचा विषय ह्यांच्यात एकशे छत्तीस वर्षांचे अंतर होते. येथे ते चार वर्षांचे होते.

मालिकेतील अजितकुमार हा वस्तुतः देवीसिंग नावाचा, डॉक्टर नसलेला मनुष्य. तो गावात येतो, एका वाड्यात राहतो, आणि ते घर त्याला घरचाच समजते. ही कल्पना बलवान आहे. खुनी रक्ताचा नातलग नाही, पण कुटुंबाच्या विश्वासाने त्याला नातलग केले आहे. म्हणजे कुटुंब हत्येचे साधन झाले आहे आणि आश्रयस्थानही. किरण गायकवाड ह्यांनी ही भूमिका मऊ आवाजाने आणि खाली झुकलेल्या नजरेने उभी केली. गावाला देवमाणूस का वाटतो, ह्याचा प्रत्यय त्यामुळे येतो. सरू आजीच्या तोंडच्या म्हणी आणि शेलके शब्द ही तर मालिकेची खरी वाङ्मयीन मिळकत. सातारी बोलीचा असा ठसका दैनंदिन मालिकांत विरळा.

परंतु दैनंदिन मालिकेचे म्हणून एक अर्थशास्त्र असते, आणि तेथे ‘देवमाणूस’ची घसरण होते. आठवड्यातून अनेक दिवस, वर्षभर, रोज अर्धा तास भरून काढावयाचा असेल तर कोणीतरी एक पात्र टिकून राहिले पाहिजे. बळी पडणारी स्त्री टिकू शकत नाही. ती दोन-चार आठवड्यांची पाहुणी. तपास करणारी अधिकारी यशस्वी झाली तर कथानक संपते, म्हणून तिला अपयश यावेच लागते. उरतो खुनी. मालिकेच्या रचनेनेच त्याला दीर्घायुष्य दिलेले असते आणि पुढील पर्वात तो परत येतो. हा लेखकांचा नैतिक प्रमाद म्हणण्यापेक्षा रूपबंधाचा परिणाम म्हणणे अधिक न्याय्य होईल. तथापि परिणाम व्हावयाचा तो होतोच. ‘आता हा कसा सापडेल?’ ह्या प्रश्नाची जागा ‘आता हा कसा निसटेल?’ हा प्रश्न घेतो. खुनामागील कारणांचा शोध मागे पडतो आणि क्लृप्ती उरते. ज्या स्त्रिया मारल्या जातात त्यांना एकटेपण, पैशाची नड, मानाची भूक ह्यांखेरीज दुसरे अंतरंगच दिले जात नाही. जणू त्या आपल्या मरणाचे कारण हातात घेऊनच पडद्यावर येतात.

मालिकेतील वाड्यासंबंधी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मराठी गुन्हेनाट्याला वाडा सुटत नाही. चौक, ओसरी, माडी आणि ये-जा करणारे शेजारी ह्यांवाचून त्याचे पान हलत नाही. प्रेक्षक मात्र आता पुष्कळसा वाड्याबाहेर गेला आहे. नवी मुंबईतील उलवे हे ह्याचे बोलके उदाहरण. सिडकोने सेक्टरवार आखलेली ही वसाहत. नेरूळ-उरण लोहमार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा २०१८ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तसतशी ती भरत गेली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि मूळ उलवे गावासह परिसरातील गावे इतरत्र वसवली गेली. गाव गेले, नाव राहिले. त्या नावाच्या वसाहतीत साताऱ्याचे, सांगलीचे, कोकणातले, तसेच परप्रांतांतूनही आलेले कुटुंब राहते. त्याच्या शेजारच्या दारावरील पाटी अनेकदा महिन्या-महिन्यांनी बदलते. ये-जा कोण करतो ह्याची नोंद शेजारीण ठेवत नाही, पहारेकऱ्याची वही ठेवते. कुटुंबातील हिंसेला अशा घरात साक्षीदारच नसतो. ‘देवमाणूस’मधील गाव फसते ते सर्व पाहत असूनही, सेक्टरातील घर फसेल ते कोणीच पाहत नसल्यामुळे. ह्या दुसऱ्या फसवणुकीचे नाट्य मराठीने अद्याप लिहिलेले नाही. रात्री साडेदहाला सातव्या मजल्यावर बसून वाड्यातील खून पाहणाऱ्याला एक प्रकारची निश्चिंती लाभते. हे तिकडचे, गावाकडचे, असे त्याला वाटते. भयाचा असा सोयीस्कर परिहार होणे हे गुन्हेनाट्याचे अपयशच म्हटले पाहिजे.

मानवत प्रकरणाने तुलनेला चांगली सोय करून ठेवली आहे. परभणी जिल्ह्यातील ह्या गावी नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ ह्या काळात दहा हत्या झाल्या. मारल्या गेलेल्या सर्व मुली आणि स्त्रिया होत्या. गुप्तधन आणि संतती ह्यांच्या हव्यासाशी ह्या हत्यांचा संबंध तपासात जोडला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय माफीच्या साक्षीदाराच्या पुराव्याचे मोल किती, ह्या चर्चेसाठी विधिक्षेत्रात आजही वाचला जातो. ह्याच विषयावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ १९८१ मध्ये आला, आणि ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये. तेंडुलकरांनी आरंभच घराच्या आतून केला. एक पुरुष, त्याने ठेवलेली स्त्री आणि त्यांचे परस्परांवरील अवलंबन ह्यांतून हत्या उगवते. तेथे अंधश्रद्धा हे कारण नसून लोभाने पांघरलेले वस्त्र आहे. आशिष बेंडे दिग्दर्शित मालिकेचा आधार तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी ह्यांचे आत्मकथन हा असल्यामुळे तिची दृष्टी बाहेरून आत येणाऱ्याची आहे. आशुतोष गोवारीकरांचा कुलकर्णी शांत, चिकाटीचा, काहीसा कोरडा आहे, आणि हा कोरडेपणा हिताचाच ठरतो. प्रेक्षकाला वधापेक्षा विचारपूस अधिक पाहावी लागते. ह्या अर्थाने ही मालिका ‘भाऊबंदकी’च्या जवळची. मात्र अधिकारी ज्या घरांची दारे ठोठावतो त्या घरांत मुली गेल्यानंतर काय उरले, हे ती क्वचितच थांबून पाहते. ‘आक्रीत’ही ते पाहत नाही. पन्नास वर्षांत दोन समर्थ कलाकृती झाल्या, आणि मृतांपैकी एकीचेही बालपण कोणी रचले नाही.

‘पोशम पा’ (२०१९) ह्या हिंदी चित्रपटाविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. कोल्हापूरच्या गावित मायलेकींचे हे प्रकरण. त्यात पतीच्या दुसऱ्या संसारातील मुलीचाही बळी गेला होता. चित्रपट मुलींच्या क्रौर्याचे सर्व उत्तर आईत शोधतो. कुपुत्राला कुमाताच कारण, इतके हे सोपे समीकरण. मुले पळवून त्यांच्या आडोशाने चोरी करण्याचा हा धंदा सहा वर्षे चालला, गर्दीच्या ठिकाणी चालला, आणि हरवलेल्या गरीब मुलांच्या तक्रारींचे पुढे काय झाले, हा प्रश्न चित्रपटाने सोडूनच दिला. बहिणींची फाशी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जाच्या विलंबामुळे जन्मठेपेत परिवर्तित केली. हा भाग अर्थातच चित्रपटानंतरचा.

२००३ पासून चाललेल्या ‘क्राइम पेट्रोल’च्या धर्तीवरील कार्यक्रमांत निवेदक अखेरीस सावधगिरीचा उपदेश करतो. जे कथेने सांगितले नाही ते त्याने सांगावे, अशी ही योजना. अशा मालिकांच्या आरंभीच्या पाट्या त्याहून अधिक सूचक आहेत. एक पाटी म्हणते, हे सत्यघटनेवर आधारित आहे. दुसरी म्हणते, ह्यातील पात्रे काल्पनिक आहेत. पहिलीने कुतूहल मिळवावयाचे आणि दुसरीने उत्तरदायित्व टाळावयाचे. ऐतिहासिक नाटककाराला ही दुसरी पाटी उपलब्ध नव्हती. राघोबादादांना राघोबादादाच म्हणावे लागे आणि त्यासाठी बखरी व कागदपत्रे वाचावी लागत.

नाव न बदलता, प्रत्यक्ष व्यक्तींनाच समोर बसवून केलेला प्रयोग २०२४ मध्ये झाला. उलवे ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे खुर्दजवळच्या रानात, मे २०१२ मध्ये एक जळालेले प्रेत सापडले. गागोदे हे नाव तोवर विनोबांच्या जन्मामुळे महाराष्ट्राला ठाऊक होते. २०१५ मध्ये त्या प्रेताचा संबंध शीना बोरा हिच्याशी जोडला गेला आणि तिच्या आईवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. आईने तो नाकारला. नेटफ्लिक्सने ह्या प्रकरणावर माहितीपट-मालिका सिद्ध केली, तेव्हा खटला चालू होता. केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रदर्शन थांबविण्याची मागणी केली; मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका आधी स्वतः पाहिली, खटल्याला बाधक असे काही त्यांना तीत आढळले नाही, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ती प्रदर्शित झाली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष आहे. समीक्षेचा प्रश्न निराळा. मालिकेत आई बोलते, नातलग बोलतात, वकील आणि पत्रकार बोलतात. प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे पाहून आपली बाजू मांडतो, आणि चार भागांच्या अखेरीस प्रेक्षक आईच्या चेहऱ्याचे वाचन करीत बसतो. ती खरे बोलत आहे की नाही, हे तिच्या भुवयांवरून ठरविण्याची ही कसरत ‘ध’ चा ‘मा’ ह्याच जातीची आहे. शीनाविषयी तिच्या माणसांनी काय ठरविले ते तेथे भरपूर ऐकू येते. ती स्वतः काय वाचीत होती, कोणत्या कामावर जात होती, त्या मुंबईत तिला कसे राहावयाचे होते, ह्यांसाठी मालिकेत फारशी जागा उरलेली नाही.