पुनर्मुद्रणाची परवानगी : विचारायची कोणाला?

मराठीतील संपादित समीक्षाग्रंथांच्या ऋणनिर्देशात ‘अमुक नियतकालिकाच्या संपादकांच्या सौजन्याने’ हे वाक्य ठरलेले असते. ते कायद्याच्या कसोटीवर टिकते का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ पाहिला असता ते बहुधा टिकत नाही, असे दिसते.

या अधिनियमाच्या कलम १७ नुसार लेखनाचा प्रथम मालक लेखक असतो. नियतकालिकाच्या नोकरीत राहून केलेल्या लेखनाला अपवाद आहे. परंतु मराठी नियतकालिकांचे बहुतांश समीक्षक हे महाविद्यालयीन प्राध्यापक, कोणत्याही नियतकालिकाचे पगारी नोकर नव्हेत. हक्काचे हस्तांतरण व्हायचे तर कलम १९ नुसार ते लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते आणि मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. टपालाने लेख पाठवायचा, मानधन मिळाले तर घ्यायचे, एवढाच जेथे व्यवहार होता तेथे असा करार कोठून असणार? संपादकांनी दिलेली परवानगी म्हणजे सौजन्य खरे, अधिकार नव्हे.

आंतरराष्ट्रीय ज्ञानपत्रिकांची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे लेख स्वीकारताना लेखकाकडून हक्क लिहून घेण्याची प्रथा रूढ आहे. त्यामुळे स्वतःचाच लेख ग्रंथात घ्यायचा तरी प्रकाशकाची अनुमती लागू शकते. प्रबंधात तो विनामूल्य घेण्याची मुभा अनेक प्रकाशक देतात, हीदेखील त्यांनी दिलेली सवलतच. तथापि परवानगी कोणाकडे मागायची, याविषयी तेथे सहसा संदिग्धता नसते.

‘शैक्षणिक कामासाठी परवानगी लागतच नाही’ असा एक समज अलीकडे बळावला आहे. त्याचे मूळ दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दाखल केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने अध्यापनासाठी प्रती काढण्याचे तत्त्व मान्य केले. निवडलेला मजकूर अध्यापनास आवश्यक होता का, यासारख्या बाबी तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा निर्णय कलम ५२(१)(झ), म्हणजे शिक्षक-विद्यार्थ्यांनी अध्यापनाच्या ओघात काढलेल्या प्रतींपुरता आहे. समीक्षेसाठी उतारे घेण्यास त्याच कलमात वेगळी मुभा आहे. संपूर्ण लेख विक्रीच्या ग्रंथात छापणे या दोहोंत बसत नाही. निकालाचे स्वागत करणाऱ्या अनेकांनी तो अर्धाच वाचला, असे म्हणावे लागते.

खरी अडचण दिवंगत लेखकांची. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. त्यातील लेखांवरचा प्रताधिकार त्यामुळे संपला नाही. नरहर कुरुंदकरांचे निधन त्याच वर्षी झाले. मृत्यूनंतर साठ वर्षे या नियमाने त्यांचे लेखन २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. कुरुंदकरांसारख्या ख्यातनाम लेखकाचे वारस शोधता येतात. पण दोन-चार उत्तम लेख लिहून विस्मृतीत गेलेल्या एखाद्या प्राध्यापकाचे? अशांसाठी कलम ३१-अ मध्ये परवान्याची तरतूद असून २०१२ च्या दुरुस्तीने तिच्या कक्षेत प्रकाशित साहित्यही आले. मात्र अर्जापूर्वी आपला प्रस्ताव देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रसिद्ध करावा लागतो. संबंधित भाषेतील दैनिकाची अट केवळ अनुवादासाठी आहे. मराठी लेख मराठीतच पुन्हा छापायचा असेल, तर त्याच्या वारसांचा शोध इंग्रजी जाहिरातीतून घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.