ग्रंथ : वाचावयाचा की पाहावयाचा?

ग्रंथ हा शब्द उच्चारताच आपल्या मनात प्रथम येतो तो त्यातील मजकूर. कागद, शाई, बांधणी, पानांचा आकार या साऱ्या गोष्टींना आपण त्या मजकुराचे वाहन मानतो, आणि वाहनाकडे लक्ष न जाणे हेच चांगल्या वाहनाचे लक्षण समजतो. एका आवृत्तीतील कविता दुसऱ्या आवृत्तीत गेली म्हणून ती कविता बदलली, असे कोणी म्हणत नाही. ही समजूत सर्वस्वी चुकीची नव्हे; भाषांतराचा सारा व्यवहार तिच्यावरच उभा आहे. परंतु विसाव्या शतकात पश्चिमेकडे ग्रंथाचा असा एक प्रकार रूढ झाला, की ज्यात वाहन आणि प्रवासी यांची फारकतच करता येत नाही. तिकडे त्यास 'आर्टिस्ट्स बुक' म्हणतात. आपण 'कलाग्रंथ' म्हणू. कलेविषयीचा ग्रंथ असा अर्थ येथे अभिप्रेत नसून ग्रंथ हीच कलाकृती, असा अर्थ अभिप्रेत आहे. अशा कृतींचे मूल्यमापन साहित्यसमीक्षेने करावे, की ते चित्रसमीक्षेकडे सोपवून मोकळे व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार एखाद्या प्रत्यक्ष संग्रहाच्या आधारे करणे श्रेयस्कर. अमेरिकेत मायामी येथे रूथ व मार्विन सॅकनर या दांपत्याने १९७९ साली मूर्त व दृश्य काव्याचा एक खाजगी संग्रह स्थापन केला. मार्विन सॅकनर हे पेशाने फुप्फुसरोगांचे डॉक्टर. काव्यचित्रे, टंकलेखनयंत्रावर अक्षरांनी रेखाटलेल्या आकृती, हाताने बांधलेली, रंगविलेली, कापलेली पुस्तके असा हा संभार वाढत वाढत पंचाहत्तर हजारांहून अधिक वस्तूंपर्यंत गेला. ग्रंथालय ज्यास चित्र म्हणून दूर सारील आणि चित्रसंग्रहालय ज्यास पुस्तक म्हणून परत पाठवील, अशा कृतींना आश्रय देण्याचे काम येथे एका कुटुंबाच्या हौसेने केले. वर्गीकरणाच्या चौकटीत न बसणाऱ्या गोष्टी पुष्कळदा अशा हौसेमुळेच टिकतात.

या संग्रहाशी ज्या ग्रंथाचे नाव विशेष निगडित आहे, तो म्हणजे इंग्रज चित्रकार टॉम फिलिप्स (१९३७–२०२२) यांचा 'अ ह्यूम्युमेंट'. १९६६ साली लंडनमधील एका जुन्या सामानाच्या वखारीत फिलिप्स यांनी तीन पेन्सांना एक विस्मृत कादंबरी विकत घेतली : डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची 'अ ह्यूमन डॉक्युमेंट'. शीर्षकाचा मधला भाग दुमडून नाहीसा केला, आणि तेच नव्या ग्रंथाचे नाव झाले. पुढे पानामागून पान त्यांनी रंगाने, रेघांनी, चित्रांनी झाकून टाकले. मात्र प्रत्येक पानावर मूळचे काही मोजके शब्द उघडे ठेवले. शब्दांमधील कोऱ्या जागांचे जे ओघळ छापील पानावर दिसतात, त्यांना मुद्रक 'नद्या' म्हणतात. त्याच नद्यांच्या काठाने त्यांनी या उरलेल्या शब्दांना एकमेकांशी जोडले. तीनशे सदुसष्ट पानांच्या या ग्रंथात लेखकाने स्वतःचा एकही शब्द बाहेरून आणलेला नाही; जे आहे ते सारे मॅलॉकच्याच पानांत दडलेले होते.

या रचनेचे मर्म तिच्या नायकात पाहावे. त्याचे आडनाव 'टुगेदर' आणि 'ऑल्टुगेदर' या दोन इंग्रजी शब्दांच्या पोटातून काढलेले आहे. तेव्हा मूळ पानावर यांपैकी एखादा शब्द असेल तरच तो त्या पानावर अवतरतो. 'एकत्र' या अर्थाच्या शब्दातून जन्मलेला हा मनुष्य मात्र प्रेमात सदैव एकाकी आहे. बंधन आधी चमत्कृतीसाठी स्वीकारलेले दिसते. पण पाने उलटता उलटता त्या चमत्कृतीचे रूपांतर करुणात होते.

भाषांतरकाराच्या दृष्टीने ही कृती मोठी बोधप्रद आहे. भाषांतर करताना नाद गेला तरी अर्थ राखू, अशी तडजोड आपण नित्य करतो. येथे अर्थच एका विशिष्ट पानावरील अक्षरांच्या योगायोगातून उपजला आहे. ते पान गेले की अर्थही गेला. मॅलॉकची कादंबरी निघाली त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. 'ह्यूम्युमेंट' मराठीत आणावयाचा, तर अशाच एखाद्या तत्कालीन कादंबरीच्या पानांवर तो प्रयोग आरंभापासून करावा लागेल. आणि मग जे निर्माण होईल ते भाषांतर नव्हे, स्वतंत्र ग्रंथ होईल. कलाग्रंथाची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही : ज्याचा देह बदलताच आत्माही बदलतो, तो कलाग्रंथ.

आता मूल्याचा प्रश्न. हाताने घडविलेली, दुर्मिळ, कल्पक वस्तू समोर आली की आपण भारावून जातो. हातकागद, रेशमी दोरा, उघडताच उलगडणारी घडी या गोष्टी मोहक असतात खऱ्या. पण मोह म्हणजे मूल्य नव्हे. या बाबतीत आपले साहित्यशास्त्र अगदीच निरुत्तर नाही. खड्गबंध, पद्मबंध, सर्वतोभद्र असे अक्षरांचे आकृतिबंध संस्कृत कवींनी हौसेने रचले. भारवीच्या पंधराव्या आणि माघाच्या एकोणिसाव्या सर्गात त्यांची रेलचेल आहे. परंतु जेथे व्यंग्यार्थ उरत नाही आणि केवळ शब्दार्थांचे वैचित्र्य उरते, त्या चित्रकाव्यास मम्मटाने अवर ठरविले, आणि आनंदवर्धनाने तर ते काव्य नसून काव्याचे अनुकरण होय असे म्हटले. हा निर्णय दृश्यतेविरुद्ध दिलेला नाही. अर्थास गिळून टाकणाऱ्या कसरतीविरुद्ध दिलेला आहे. हीच कसोटी कलाग्रंथास लावावी. दृश्य रूपाने काही सूचित होते, की ते रूप स्वतःचेच प्रदर्शन करून थांबते?

या कसोटीवर 'ह्यूम्युमेंट' उतरतो, कारण त्याचे सारे सामर्थ्य न सांगितलेल्या भागात आहे. रंगाच्या थराखाली एक संपूर्ण कादंबरी मूक होऊन पडली आहे, हे वाचक क्षणभरही विसरू शकत नाही. वाच्य झाकले गेले म्हणूनच व्यंग्य प्रकटले. विल्यम ब्लेकचेही तसेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने तांब्याच्या पत्र्यावर कविता व चित्र एकाच हाताने उलट लिहून, आम्लाने उठाव आणून छापले, आणि पत्नी कॅथरीनच्या साहाय्याने प्रती रंगविल्या. तेथे वेल ओळीत शिरते, ओळ वेलीत शिरते, आणि निरागसतेची जाणीव दोहोंच्या संगमात होते.

याउलट, हस्तकौशल्य हे कलाग्रंथाचे अनिवार्य लक्षण नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकन चित्रकार एड रुशे यांनी १९६३ साली सव्वीस पेट्रोलपंपांच्या छायाचित्रांचे एक साधे पुस्तक काढले. पहिल्या आवृत्तीच्या चारशे प्रती यंत्रावरच छापलेल्या. त्यांत हाताची कसलीही कारागिरी नाही. तरीही एकामागून एक पान उलटताना निर्जन महामार्गाची जी एकसुरी उदासी मनावर साचते, ती त्यातील एकच छायाचित्र भिंतीवर टांगून साचणार नाही. कलाग्रंथाचे प्राणतत्त्व पान उलटण्याच्या काळात आहे. हात हवा तो घडविणाऱ्याइतकाच वाचणाऱ्याचा.

येथेच संग्रहाविषयीची खरी चिंता उभी राहते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या ग्रंथाची दोनच पाने दिसतात. बाकीचा ग्रंथ तेथे असूनही नसतो. खाजगी संग्राहकाच्या घरी निदान पाने उलटली जाण्याची शक्यता असते, पण तेथे प्रवेश मोजक्यांनाच. सॅकनर संग्रह २०१९ साली आयोवा विद्यापीठाकडे गेला, ही घटना म्हणूनच स्वागतार्ह वाटते : तेथे अशा वस्तू अभ्यासकाच्या हाती पडू शकतात. फिलिप्स यांनी दुसराही एक मार्ग दाखविला. १९८० पासून २०१६ पर्यंत आपल्या ग्रंथाच्या सहा बाजारी आवृत्त्या त्यांनी काढविल्या, आणि दर आवृत्तीत काही पाने नव्याने रंगवून अखेरपर्यंत सगळीच पाने पालटली. छापील प्रतीत मूळ रंगाचा स्पर्श नसतो, हे खरे. परंतु पानांचा क्रम, त्यांची गती आणि वाचकाचा एकांत या गोष्टी तीत शाबूत राहतात, आणि कलाग्रंथाचा बहुतांश अर्थ त्यांतच वसतो.

म्हणून हा प्रांत चित्रसमीक्षेस सर्वस्वी आंदण देण्याचे कारण नाही. रंगाची आणि रेषेची परीक्षा चित्रज्ञाने खुशाल करावी. पण या पानानंतर हेच पान का, हा शब्द उघडा आणि तो झाकलेला का, हे प्रश्न वाचकाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे देणे हे साहित्यसमीक्षेचे काम आहे. सुट्या पानांची पोथी बासनातून काढून, एकेक पान उलटून पुढे ठेवत वाचणाऱ्या समाजास हे वाचन सर्वथा अपरिचित म्हणता येणार नाही. जो ग्रंथ असा पानापानाने वाचता येतो, तो कितीही चित्रमय असला तरी साहित्याचा. जो केवळ पाहून संपतो, तो कितीही ग्रंथाकार असला तरी वस्तूच.