ते युनिक्सच होतं!

‘ज्युरासिक पार्क’ (1993) मधला एक प्रसंग इंजिनिअर मंडळींच्या थट्टेचा हमखास विषय आहे. दाराशी डायनोसॉर, आत कंप्युटरसमोर बसलेली लेक्स. स्क्रीनवर ठोकळ्यांचं त्रिमितीय शहर. ते बघून ती म्हणते, हे युनिक्स आहे, मला येतं. ‘असलं युनिक्स कुठे असतं?’ म्हणून आपण हसतो.

असतं. तो ‘एफएसएन’ नावाचा खरा प्रोग्रॅम. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने आपल्या ‘आयरिक्स’ या युनिक्ससाठी बनवलेला. फोल्डर म्हणजे चौथरा, फाइल म्हणजे त्यावरचा ठोकळा. फाइल जितकी मोठी तितका ठोकळा उंच. सिनेमातले कंप्युटरवर घडवलेले डायनोसॉरही याच कंपनीच्या मशीनवर तयार झाले. टीका करायचीच तर अशी करा: हे दिसायला देखणं आहे, पण हवी ती फाइल गाठायला संथ. दिग्दर्शकाने तोच संथपणा ताण वाढवायला वापरलाय. मात्र एवढं म्हणायलाही तो प्रोग्रॅम चालताना बघावा लागतो.

जुने ग्राफिक्स कंप्युटर जमवणाऱ्यांवर माझा आक्षेप इथेच आहे. निळी ‘इंडी’ घासूनपुसून शेल्फवर ठेवली की जतन झालं, असं अनेकांना वाटतं. तिच्या घड्याळाच्या चिपमध्येच बॅटरी बंद केलेली असते. ती संपली की मशीन स्वतःचा नेटवर्क पत्तासुद्धा विसरतं. हार्ड डिस्क कधीतरी जातेच. कंपनी 2009 मध्ये दिवाळखोरीत विकली गेली, त्यामुळे दुरुस्तीला हाक मारायची कुणाला?

‘एम्युलेटर आहे ना!’ आहे, आणि तो हवाच. पण त्यातलं चित्र बरोबर आहे की नाही, हे ताडून बघायला खरं मशीन सुरू असावं लागतं.

कॅलिफोर्नियातलं कंप्युटर हिस्टरी म्युझियम आज सिलिकॉन ग्राफिक्सच्याच जुन्या इमारतीत आहे. तिथे 1960च्या आसपासचा पीडीपी-1 दुरुस्त करून लोकांसमोर चालवून दाखवतात. जतनाची मोजपट्टी ही.

आपला यात काय संबंध? सिलिकॉन ग्राफिक्सने 1992 मध्ये ओपनजीएल आणलं. त्याचीच आटोपशीर आवृत्ती अँड्रॉइड फोनवरचे गेम वर्षानुवर्षं वापरत आले. हा आपल्याच स्क्रीनचा पूर्वेतिहास आहे.

म्हणून कुणी आपला संग्रह दाखवला तर मशीन किती, हे विचारू नका. सुरू किती होतात आणि डिस्कची प्रत आणखी कुणाकडे आहे, ते विचारा.