साक्षीचे सामर्थ्य : ‘द मूनस्टोन’ आणि मावळातील करीने

१

रहस्यकथा एकदा वाचून झाली की तिचे रहस्य संपते, आणि रहस्य संपले की तिचे आयुष्यही संपते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. बहुसंख्य रहस्यकथांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु विल्की कॉलिन्स ह्याची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी ह्या समजास अपवाद ठरली आहे. चार्ल्स डिकन्सच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या ‘ऑल द इयर राउंड’ ह्या साप्ताहिकातून ती १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. हिरा कोणी नेला हे पुरते ठाऊक असलेले वाचकही ती आजतागायत पुन्हा हाती घेतात. टी. एस. एलियटसारख्या चोखंदळ समीक्षकाने १९२८ साली तिच्या आवृत्तीस प्रस्तावना लिहून इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत तिला अग्रस्थान दिले. गुन्हेगाराचे नाव कळल्यानंतरही टिकून राहणारे हे आकर्षण कशाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचा विचार करताना भोर-वेल्हे ह्या मुलखातील जुन्या वतनी कागदपत्रांचा आधार घेतला आहे. ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल; ती तशी नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात यावे.

२

कथानक थोडक्यात असे. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी चंद्रदेवतेचा एक पवित्र हिरा, त्याच्या रक्षकांचे रक्त सांडून, बळकावतो. पुढे मृत्युपत्राने तो हिरा त्याची भाची रेचेल व्हेरिंडर हिच्याकडे येतो. १८४८ च्या जूनमध्ये, तिच्या वाढदिवसाच्या रात्रीच, यॉर्कशायरमधील तिच्या घरातून तो नाहीसा होतो. तीन ब्राह्मण हिऱ्याच्या मागावर असतात. घरात नोकरचाकर आणि पाहुणे असतात. आणि सार्जंट कफ हा नामांकित पोलीस अधिकारी तपासासाठी येतो.

एवढ्यावरून ही कादंबरी चतुर तपासनिसाच्या पराक्रमाची असावी असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात कफचे पहिले अनुमान साफ चुकते. रेचेलने आपला हिरा आपणच लपविला, असे तो ठरवितो आणि मधल्या दीर्घ भागात कथेतून निघून जातो. उलगडा होतो तो कागदांतून. कॉलिन्सने ह्या कथेसाठी अकरा निवेदक नेमले असून ‘स्वतःस जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहावे’ हा नियम मुख्य निवेदकांना घालून दिला आहे. वृद्ध कारभारी बेटरेज, धर्मवेडी मिस क्लॅक, वकील ब्रफ, स्वतः फ्रँकलिन ब्लेक, वैद्यकाचा साहाय्यक एझ्रा जेनिंग्ज असे एकामागून एक साक्षीदार येतात. कॉलिन्सने बॅरिस्टरीची सनद घेतली होती, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

प्रत्येक साक्षीदार खरे बोलतो, पण ते त्याचे खरे असते. मिस क्लॅक एकही घटना बनवून सांगत नाही. तरी तिच्या धर्मनिष्ठेआडून तिचा मत्सर आणि लोभ ओळीओळीतून डोकावतो. बेटरेजची धन्यावरील निष्ठा त्याला काही गोष्टी पाहू देत नाही. वाचकाचे काम दुहेरी होते : घटना समजून घ्यावयाची आणि सांगणाराही तोलावयाचा. पहिले काम एका वाचनात संपते. दुसरे प्रत्येक वाचनात नव्याने करावे लागते. कादंबरीचे टिकाऊ आकर्षण ह्या दुसऱ्या कामात आहे, असे आमचे मत आहे.

३

हे काम मराठी मनाला अपरिचित नाही. भोर आणि वेल्हे हा मुलूख म्हणजे पूर्वीचे रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ इत्यादी मावळांचा प्रदेश. येथील देशमुखी, पाटिलकी, कुळकर्ण ह्या वतनांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, आणि त्या तंट्यांनी मराठी गद्याचा एक फार मोठा साठा निर्माण केला. वि. का. राजवाडे ह्यांनी त्यांतील पुष्कळ कागद ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधून प्रकाशात आणले. वि. त्र्यं. गुणे ह्यांच्या १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ह्या न्यायपद्धतीचे साद्यंत विवेचन सापडते.

तंटा उभा राहिला म्हणजे अग्रवादी आणि पश्चिमवादी अशा दोन्ही पक्षांकडून तकरीर, म्हणजे लेखी निवेदन, घेण्यात येई. वतन आपले कसे, ते पूर्वजांकडे कसे आले, मध्ये कोणी बळजोरी केली, ह्याचा साद्यंत वृत्तान्त म्हणजे करीना. मग गोत जमे, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्याच्या आरंभी ‘हाजीर मजालस’ म्हणून उपस्थितांची नावे येत. लिहिता न येणारा आपल्या व्यवसायाची निशाणी करी. पाटलाचा नांगर ही त्यांतील सर्वांस परिचित निशाणी. साक्षी-पुराव्याने निर्णय होईना, तर दिव्याचा अवलंब होई. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावयाचा, हातावर पिशव्या बांधून मोहर करावयाची, आणि मुदतीनंतर सर्वांसमक्ष हात पाहावयाचे.

भोर तालुक्यातील कारीच्या जेधे घराण्याचे दोन कागद ह्या दृष्टीने उद्बोधक आहेत. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणली आणि शिवजन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी विद्वानांपुढे आली. शकावलीत वर्ष आणि घटना एवढेच आहे. बोलणारा माणूस जवळजवळ अदृश्य आहे. त्याच घराण्याचा करीना मात्र बोलतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ मध्ये, कान्होजी जेधे आपल्या पुत्रांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, हा प्रसंग त्यात येतो. प्रसंग उदात्त आहे, आणि तो सांगण्यात घराण्याचा हक्क आणि सन्मानही गुंतलेला आहे. एकाच वाक्यात सत्य आणि दावा दोन्ही नांदतात. शकावली वाचावयास इतिहासकाराची शिस्त पुरते. करीना वाचावयास तीच दृष्टी लागते, जी मिस क्लॅक वाचताना लागते.

४

भाषाशास्त्राच्या अंगाने पाहिले तर हे नाते अधिक जवळचे ठरते. ऐकीव आणि स्वानुभूत ह्यांतील भेद मराठी बोलणारा ‘म्हणे’ ह्या एका लहानशा अव्ययाने दाखवितो. ‘तो रात्री आला’ आणि ‘तो रात्री आला म्हणे’ ह्यांत घटना एकच. जबाबदारी मात्र निराळी. ‘आला असावा’ म्हणताच ते अनुमान होते. पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले ह्यांची सरमिसळ होऊ न देणे हाच कॉलिन्सच्या निवेदकांचा नियम आहे. प्रास्ताविकातील कौटुंबिक कागदाचा लेखक रक्ताळलेला खंजीर हाती असलेल्या हर्नकॅसलला पाहतो. पण प्रत्यक्ष वार त्याने पाहिलेला नसतो, म्हणून तो उघड आरोप करीत नाही. कादंबरीचा कायदा पहिल्या पानांतच घालून दिला जातो, तो असा.

दुसरा मुद्दा ह्याहून महत्त्वाचा आहे. ‘मी पेला फोडला’ आणि ‘माझ्या हातून पेला फुटला’ ही दोन वाक्ये मराठीत समानार्थी नाहीत. पहिल्यात कर्त्याचा संकल्प गृहीत धरता येतो. दुसऱ्यात हात त्याचा, संकल्प मात्र नाही. ‘द मूनस्टोन’चे सर्व रहस्य ह्या दोन वाक्यरचनांमधील अंतरात सामावलेले आहे. हिरा ‘चोरीस गेला’ ह्या कर्तृहीन वाक्याने कथा सुरू होते. पुढे ‘ब्लेकने हिरा घेतला’ असे वाक्य समोर येते, आणि ते खोटे म्हणता येत नाही : रेचेलने स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलेले असते आणि प्रेमापोटी ती गप्प राहिलेली असते. दाराच्या ओल्या रंगाचा डाग पडलेला अंगरखा ब्लेकला सापडतो, तेव्हा त्यावर त्याचेच नाव असते. शेवटी कळते की त्या रात्री त्याला नकळत अफू पाजण्यात आली होती. म्हणजे, ब्लेकच्या हातून हिरा घेतला गेला. रेचेलची साक्ष आणि ब्लेकचे निरपराधित्व दोन्ही एकाच वेळी खरी ठरतात. तेथून तो हिरा भामट्या गॉडफ्रे एबलव्हाइटने आपल्याजवळ ठेवला, ही गोष्ट त्यामानाने सामान्य आहे.

हा उलगडा करणाऱ्या जेनिंग्जची रीतही पाहावी. डॉ. कँडी ह्याच्या तापातील तुटक बडबडीचे शब्द तो लिहून ठेवतो आणि मधल्या रिकाम्या जागा अर्थाच्या अनुरोधाने भरतो. फाटक्या मोडी कागदातील गाळलेली अक्षरे लावणाऱ्या संशोधकाचे हेच काम. त्यानंतर तो साक्षीदारांसमक्ष ब्लेकला पुन्हा अफू देऊन ती रात्र घडवून आणतो. हे एकोणिसाव्या शतकातील दिव्यच होय; फरक एवढाच, की येथे निर्णय देवतेकडे सोपविलेला नसून शरीरधर्माकडे सोपविलेला आहे.

५

ह्याच तुलनेतून कादंबरीचे एक न्यूनही उघडे पडते. अकरा जण बोलतात; ज्यांचा हिरा, त्या तिघांपैकी एकाचीही तकरीर कॉलिन्स घेत नाही. त्यांची हालचाल, त्यांचे बोलणे आपल्याला इतरांच्या लेखणीतूनच कळते. रोझॅना स्पिअरमन ह्या मोलकरणीस निदान एक दीर्घ पत्र लाभते. त्यांना तेही नाही. कॉलिन्सची सहानुभूती त्यांच्याकडे आहे हे निःसंशय. हिरा लुटीचा आहे हे तो प्रारंभीच सांगतो आणि अखेरीस मर्थवेट ह्या प्रवाशाच्या पत्रातून तो सोमनाथास देवाच्या मस्तकी परत पोहोचल्याचे दाखवितो. तथापि सहानुभूती निराळी आणि साक्ष निराळी. आतील कथा ‘कोणी नेला’ असे विचारते. बाहेरची चौकट ‘कोणाचा’ असे विचारते. वतनाच्या तंट्यात दुसरा प्रश्न हाच मुख्य, आणि त्यासाठी पश्चिमवादीचेही ऐकावेच लागे. कॉलिन्सच्या मजालशीत तो पक्ष हजर आहे, पण त्याची निशाणी कागदावर नाही.

महजराचे गुणगान करण्याचा हा प्रयत्न नव्हे. गोतसभेत जातीची उतरंड होतीच, आणि स्त्रियांचा आवाज ह्या कागदांत विरळाच ऐकू येतो. परंतु दोन्ही पक्षांचे लेखी घेतल्यावाचून निवाडा करू नये हे तत्त्व तेथे मान्य होते. आणि त्या मापाने मोजले असता ह्या थोर कादंबरीत काय राहून गेले, ते नेमके कळते.

६

मराठी रहस्यकथेने पाश्चात्त्य परंपरेतून घेतले ते मुख्यतः नायकाचे धाडस. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळापहाड ह्यांनी हजारो वाचक घडविले, ही लहान कामगिरी नव्हे. परंतु परस्परविरोधी साक्षींतून सत्य शोधण्याची जी रीत आपल्या जुन्या गद्यात मुरलेली होती, तिचा मराठी रहस्यकथेस क्वचितच उपयोग झाला. दुसरीकडे, करीने आणि महजर आम्ही इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपवून मोकळे झालो. त्यांनी त्यांतून तिथी आणि नावे वेचली, ते योग्यच झाले. पण त्या कागदांत तिथीहून अधिक काही आहे. आपले गेलेले परत मिळावे म्हणून लिहिणाऱ्या माणसाची भाषा त्यांत आहे, आणि ती ऐकणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. मावळातील विद्यार्थ्याने ‘द मूनस्टोन’ वाचून झाल्यावर आपल्याच खोऱ्यातील एखादा करीना समोर ठेवावा. कोण बोलतो, काय पाहून बोलतो, आणि कोणाला बोलू दिलेले नाही, हे तीन प्रश्न त्याने दोन्ही ठिकाणी विचारावेत. त्यांपैकी शेवटचा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तरी ह्या अभ्यासाचे सार्थक होईल.